ट्रॅक डेची चाकं आणि टायर: वडूजहून निघणाऱ्याने काय करावे, काय टाळावे

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरले की दिवसभर ट्रॅक मिळतो आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये आपली रोजचीच गाडी मोकळेपणाने पळवता येते. तिथे नंबर नाही, बक्षीस नाही, वळणं शिकायची एवढंच. देशातले जुने, नावाजलेले ट्रॅक दक्षिणेत आहेत. कोईमतूरजवळ चेट्टिपाळयमला २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आहे. फॉर्म्युला मारुती गाड्या घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलं असून तो २००३ साली सुरू झाला. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा मद्रास ट्रॅक आहे. कराडवरून जाणारा महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत याच ट्रॅकजवळून चेन्नईत शिरतो. खटाव-माण आणि खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत आहेत, त्यामुळे मुक्कामाला ओळखीचं घर सापडायला अडचण पडत नाही.

अडचण अंतराची आहे. एका बाजूने हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. चेन्नईतल्या हौशी चालकाचा टायर दुपारी संपला, तर तो गाडी टेम्पोत घालून संध्याकाळी घरी पोचतो. वडूजच्या माणसाला मात्र त्याच टायरवर रात्रीचा महामार्ग आणि कदाचित हुबळीचा पाऊस काढायचा असतो. म्हणून आपल्याकडे टायरची पहिली परीक्षा ट्रॅकवर किती सेकंद वाचले ही नव्हे. दिवसभर वळणांत भाजून निघाल्यावरही तो सुखरूप घरी आणतो का, ही आहे. पुढचं सगळं या एका कसोटीवर लिहिलं आहे.

टायर निवडताना

करा: पहिल्या दोन-चार ट्रॅक डेंना रस्त्यावरचाच, पण चांगला टायर वापरा. असा टायर घसरायच्या आधी आवाज करतो, पकड हळूहळू सोडतो आणि चालकाला सावरायला वेळ देतो. शिकणाऱ्याला हा वेळच हवा असतो. सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ बिननक्षीचा टायर खूप पकडतो, पण सोडतो तेव्हा एकदम सोडतो. शिवाय त्याच्या पकडीमागे चालकाच्या चुका लपून राहतात.

करा: टायरच्या बाजूवर कोरलेला ट्रेडवेअरचा आकडा वाचा. आकडा लहान तितकं रबर मऊ, पकड जास्त आणि आयुष्य कमी. ४०० ते ५०० चा टायर वर्षानुवर्षं चालतो, पण ट्रॅकवर लवकर चीं-चीं करू लागतो. २०० चा ट्रॅकवर छान चिकटतो आणि झपाट्याने झिजतो. येऊन-जाऊन दोन हजार किलोमीटर रस्ता असेल, तर ३०० च्या आसपासचा टायर दोन्हीकडे निभावतो. एवढं मात्र लक्षात ठेवा की हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना त्यावर करता येते, दोन कंपन्यांची तितकी भरवशाने करता येत नाही.

करा: वेगाचं अक्षर आणि वजनाचा आकडा पाहा. १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलं असेल, तर ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०. स्विफ्ट ट्रॅकवर २१० ने पळत नाही हे खरं, पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता सोसेल असा बांधलेला असतो. ट्रॅकवर टायरचं नुकसान होतं ते उष्णतेनेच. एच हे किमान धरा, व्ही मिळाला तर उत्तम.

करा: बनवल्याची तारीख बघूनच पैसे द्या. बाजूवरच्या लंबगोलातले चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. तालुक्याच्या दुकानात उन्हाच्या बाजूला दोन-तीन वर्षं रचून ठेवलेला टायर नवा दिसतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं. दुकानदार तारीख दाखवायला कुरकुरत असेल तर दुसरं दुकान गाठा.

करा: चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे घ्या. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत, अशी गाडी ब्रेक मारत वळणात शिरली की मागची बाजू आधी सुटते. नवशिक्याला ते सावरत नाही.

करा: मऊ, ट्रॅकसाठीचे टायर हवेच असतील तर चार महिने आधी चौकशी सुरू करा. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर केंद्र सरकारचं बंधन आहे. बाहेरून येणारे नमुने आणि मापं दुकानात हमखास मिळतील असं धरून तारीख ठरवू नका.

टाळा: मायलेज वाढवणारे म्हणून विकले जाणारे टायर. ते कमी घर्षणासाठीच बनवलेले असतात. रोजच्या सातारा-वडूज फेरीला उत्तम, ट्रॅकवर अजिबात नकोत.

टाळा: रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवा थर चढवलेले. चिकटवलेला थर तापला की सुटतो. याला कुठलाही अपवाद नाही.

टाळा: शर्यतीच्या संघांनी टाकून दिलेले स्लिक. स्वस्तात मिळतात, म्हणून मोह होतो. पण ते पुन्हा पुन्हा तापून-थंड होऊन कडक झालेले असतात आणि नक्षी नसल्यामुळे रस्त्यावर चालवताही येत नाहीत. त्यातही कमी वापरलेला संच सापडला तरी त्याची पकड मूळ सस्पेन्शन, बेअरिंग आणि ब्रेक यांच्या कुवतीपेक्षा जास्त असते.

टाळा: बाजूला फुगा, कट किंवा पंक्चरचा जोड असलेला टायर. मधल्या पट्ट्यातलं नीट बुजवलेलं पंक्चर रस्त्यावर चालतं. ट्रॅकसाठी मात्र तोही टायर स्टेपनीला टाका.

नक्षी किती खोल हवी

यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे ट्रॅक आणि रस्ता यांची मागणी उलटी आहे. नव्याकोऱ्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. कोरड्या ट्रॅकवर ते उंच ठोकळे वळणात वाकतात, वाकून तापतात आणि कडेने त्यांचे तुकडे उडतात. अर्धा झिजलेला टायर तिथे जास्त स्थिर वागतो आणि कमी खराब होतो. पण पावसात पाणी बाहेर फेकायला खोल नक्षीच लागते. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. भर पावसात महामार्गावर मात्र ३ मिलिमीटरच्या खाली टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा धोका झपाट्याने वाढतो.

करा: वडूजहून निघताना चार ते पाच मिलिमीटर नक्षी शिल्लक असेल अशी वेळ साधा. नवे टायर घेतले तर आधी हजार-दोन हजार किलोमीटर साधे चालवून बसू द्या. खोली मोजायचं छोटं माप स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. ते गाडीत ठेवा आणि आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तीन जागी मोजा.

टाळा: जून ते डिसेंबरमध्ये झिजलेल्या टायरवर दक्षिणेची वारी. आपल्याकडचा पाऊस ओसरत असताना तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि चेन्नईला तो डिसेंबरपर्यंत गाठू शकतो. जानेवारी-फेब्रुवारीची तारीख टायरला आणि चालकाला, दोघांनाही मानवते.

चाकं म्हणजे रिम

करा: कंपनीने दिलेल्याच व्यासाची रिम ठेवा. पंधरा इंचाची गाडी असेल तर पंधराच. मोठी रिम जड असते, तिच्यावर बसणारा पातळ टायर महाग असतो आणि खड्ड्यात रिमच आपटते. ट्रॅकवर मोठ्या रिमचा फायदा एकच, आत मोठा ब्रेक मावतो. मूळ ब्रेकच ठेवणार असाल तर तो फायदाही नाही.

करा: माप बदलायचं तर एका पायरीने बदला आणि टायरची एकूण उंची मोजा. १८५/६५ आर १५ ची उंची साधारण ६२१ मिलिमीटर, १९५/६० आर १५ ची ६१५. फरक एक टक्का, चालेल. तीन टक्क्यांवर गेलात तर स्पीडोमीटर चुकतो, गिअरचं गणित बिघडतं आणि पूर्ण वळवलेलं चाक आतल्या लायनरला घासू शकतं. रिमची रुंदीही टायरला मानवणारी हवी. १८५/६५ ला पाच ते साडेसहा इंच, १९५/६० ला साडेपाच ते सात.

करा: बोल्टांचं वर्तुळ, मधलं भोक आणि ऑफसेट (बोल्टची बैठक रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली ते) ही तीन मापं लिहून घेऊनच रिम बघायला जा. २०१८ नंतरच्या स्विफ्टला चार बोल्ट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ आणि ५४.१ चं भोक. पोलोला पाच बोल्ट, १०० चं वर्तुळ आणि ५७.१ चं भोक. बाहेरच्या रिमचं भोक बहुधा मोठंच असतं, तेव्हा मधली पोकळी भरणारी कडी अ‍ॅल्युमिनियमची घ्या. प्लॅस्टिकची कडी ट्रॅकवरच्या ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडते.

करा: नट-बोल्टची बैठक तपासा. ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही आणि धोका मात्र सर्वांत मोठा इथेच आहे. पोलोचे मूळ बोल्ट गोल बैठकीचे असतात. बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराची बैठक लागते. चुकीची जोडी पाना मारताना घट्ट लागते, पण टेकलेली असते एका बारीक रेषेवर. तापून-थंड झाल्यावर ती सैल पडते. रिम बदलली तर बोल्टही तिच्या जोडीचेच घ्या.

करा: वजन करा. रिम घेण्याआधी एखाद्या धान्य व्यापाऱ्याच्या काट्यावर जुनी आणि नवी दोन्ही तोला. पुष्कळ सुंदर अलॉय मूळ लोखंडी डिस्कपेक्षा हलके नसतात, काही तर जडच भरतात. चाकाला फिरायचंही असतं आणि खाचखळग्यांवर वर-खाली व्हायचंही असतं. म्हणून तिथला एक किलो डिकीतल्या एका किलोपेक्षा महाग पडतो. साधी ओतीव रिम सर्वांत जड असते. ओतल्यानंतर कडा दाबून-ताणून केलेली, म्हणजे फ्लो-फॉर्म्ड, तिच्याहून हलकी. घडीव म्हणजे फोर्ज्ड रिम हलकी आणि मजबूत असते, पण तिची किंमत हौसेच्या पलीकडे जाते. मधली हौशी माणसाला पुरते.

टाळा: नामवंत रिमच्या नकला. वर बिल्ला तोच, आत धातू कसला ते कळायला मार्ग नाही. रिमच्या आतल्या बाजूला वजन-क्षमता, रुंदी, ऑफसेट आणि प्रमाणन कोरलेलं असायला हवं. ते नसेल तर रिम घेऊ नका.

टाळा: वाकून सरळ केलेली किंवा वेल्डिंग केलेली अलॉय. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी आणि अचानक येणाऱ्या गतिरोधकांनी रिम वाकतात, आणि गरम करून ठोकून सरळ करणारे कारागीर जागोजागी आहेत. गावात फिरायला ती चालेल. पण तापवलेल्या अलॉयची ताकद गेलेली असते आणि ट्रॅकवरच्या कर्बवर चाक आदळलं की चीर पडते. असल्या रिमपेक्षा मूळ लोखंडी डिस्क लावून जा. ती वाकते, पण तुटत नाही.

टाळा: चाक बाहेर काढणारे स्वस्त स्पेसर. बेअरिंगवरचा भार वाढतो आणि बोल्ट पुरेसे आटे धरत नाहीत.

हवा

टायरमध्ये पैसे घालून झाले की उरलेला निकाल हवा ठरवते. फुकटची गोष्ट म्हणून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

हवा तापली की दाब वाढतो. कारच्या टायरमध्ये दर १० अंशांना दीड पीएसआयच्या आसपास वाढ होते. सकाळी ३० अंशांवर असलेला टायर ट्रॅकवर ७०-८० अंशांपर्यंत गेला, तर दाब सहा ते आठने वर जातो. म्हणजे थंड टायरमध्ये ३३ भरून ट्रॅकवर उतरलात तर तिसऱ्या-चौथ्या फेरीला ४० झालेले असतात. टायर मधून फुगतो, जमिनीला कमी टेकतो आणि गाडी पुढून सरळ निसटू लागते. चालकाला वाटतं टायर खराब आहे.

करा: गरम दाबाचं लक्ष्य ठरवा आणि मागे हिशेब करत थंड दाबावर या. रस्त्यावरच्या टायरला, स्विफ्ट-पोलोसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत, पुढे गरम असताना ३४ ते ३६ ही चांगली सुरुवात. त्यासाठी थंडपणी २८ च्या आसपास ठेवून उतरा. दोन-तीन फेऱ्या मारून बाहेर या आणि लगेच मोजा.

करा: स्वतःचं मीटर ठेवा आणि दिवसभर तेच वापरा. पेट्रोल पंपावरची दोन मीटरं सहसा एक आकडा दाखवत नाहीत. एका वहीत वेळ, ऊन, थंड दाब, गरम दाब आणि गाडी कशी वाटली, एवढं लिहा. दोन ट्रॅक डेंनंतर ही वही कुठल्याही सल्ल्यापेक्षा उपयोगी पडते.

करा: टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा ओढा. पाळीनंतर रेघ कुठवर पुसली ते बघा. नक्षीच्या कडेपर्यंत पुसली तर ठीक. बाजूवर उतरली असेल तर टायर लोळतोय, दोन पीएसआय वाढवा. कडेपर्यंत पोचलीच नसेल तर दाब जास्त आहे.

करा: दाब ट्रॅकवरच जुळवा. डिसेंबरात पहाटे खटावच्या थंडीत भरलेले २८ कोईमतूरच्या दुपारी २८ राहत नाहीत. चढत्या उन्हाबरोबर दुपारच्या पाळीआधी पुन्हा मोजा.

करा: परतीला निघण्याआधी टायर पूर्ण थंड झाल्यावर दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे हवा भरा, गाडीत माणसं आणि सामान किती ते धरून. ट्रॅकचा कमी दाब महामार्गावर तासन्‌तास चालवला की बाजूची भिंत तापून टायर फुटतो. दमलेल्या संध्याकाळी नेमकं हेच राहून जातं, म्हणून हे काम एकावर सोपवून ठेवा.

टाळा: मागच्या टायरात भरपूर हवा घालून गाडी वळवायची युक्ती. अनुभवी माणसं ती करतात. पहिल्या वर्षात त्यातून गिरकीशिवाय काही मिळत नाही.

नायट्रोजनचं काय? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा असतो तो कोरडेपणाचा, कारण ओलावा तापला की दाब वेडावाकडा वाढतो. मिळाला तर भरा, त्यासाठी अडून राहू नका.

अलाइनमेंट आणि घट्टपणा

करा: निघण्याआधी बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, आणि जमत असेल तर पुढच्या चाकांना थोडा जास्त उणा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, मागा. मूळ गाडीचं चाक वळणात बाहेरच्या खांद्यावर उभं राहतं आणि एकाच दिवसात ती कड खाऊन टाकतं. अनेक गाड्यांना कॅम्बर बोल्ट लावून एक-दीड अंश मिळतो. महामार्गावर आतली कड थोडी जास्त झिजेल, पण बाहेरची कड वाचवणं जास्त मोलाचं.

करा: टॉर्क पाना विकत घ्या. गाडीच्या पुस्तकातला आकडा पाहून, पोलोला १२० न्यूटन-मीटर, चाक थंड असताना आवळा आणि प्रत्येक पाळीआधी पुन्हा तपासा. टॉमीवर उभं राहून आवळलेला बोल्ट ताणला जातो.

करा: दिवसाच्या मधे टायर डावे-उजवे पाहून घ्या. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर पुढचा डावा सर्वांत जास्त झिजतो. दिशा ठरलेला टायर नसेल तर जेवणाच्या सुट्टीत बदला.

टाळा: पाळी संपल्यावर थेट येऊन हँडब्रेक ओढणं. एक फेरी सावकाश मारा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

दुचाकीवाल्यांसाठी

आरसी ३९० आणि अपाचे आरआर ३१० या दोन्हींना पुढे ११०/७० आर १७ आणि मागे १५०/६० आर १७ बसतो. याच मापात स्पोर्ट टायरांची निवड बरी आहे.

करा: पुढचा-मागचा जोडीनेच बदला. नवा टायर शंभर किलोमीटर सांभाळून चालवा, वरचा गुळगुळीत थर जाऊ द्या. प्रत्येक पाळीच्या पहिल्या दोन फेऱ्या टायर तापवण्यासाठी धरा.

टाळा: दिसायला भारी म्हणून मागे १६० घालणं. अरुंद रिमवर तो चिमटला जातो, त्याचा आकार बदलतो आणि गाडी वाकायला जड होते. लांबच्या प्रवासाने मधून सपाट झालेला टायर घेऊन ट्रॅकवर उतरणंही टाळा. वाकताना त्याच्या कडेवर गाडी अडखळते. शक्य असेल तर गाडी टेम्पोने न्या आणि दोन-तीन मित्रांनी भाडं वाटून घ्या.

पैसा कुठे घालावा

करा: आधी टायर, मग ब्रेकचं तेल आणि पॅड, मग अलाइनमेंट. रिम सर्वांत शेवटी. विम्याची अटही वाचून ठेवा. शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान साध्या मोटर विम्यात धरलं जात नाही.

करा: ट्रॅक डे नियमित होऊ लागले तर जुन्या लोखंडी डिस्कांवर मऊ टायर चढवून दुसरा संच ठेवा. चार चाकं मागची सीट पाडून मावतात, तिथे पोचल्यावर अर्ध्या तासात बदलता येतात आणि परतीचे टायर शाबूत राहतात. लांबून जाणाऱ्याला याहून चांगली सोय नाही.

टाळा: ट्रॅकवर भाजलेले टायर नक्षी शिल्लक दिसते म्हणून गावात कुणाला विकणं. आतून कडक झालेला टायर घेणाऱ्याला ओळखता येत नाही आणि तो त्यावर घरची माणसं घेऊन घाट उतरणार असतो. असे टायर भंगारात द्या, देण्याआधी बाजूवर काप मारा.